चार जण, एक टीव्ही, प्लास्टिकची गिटार: बँड-गेमची बैठक घरी कशी जमवायची

बँड-गेमची, म्हणजे पडद्यावर धावत येणाऱ्या नोट्स प्लास्टिकच्या वाद्यांवर वेळेवर वाजवण्याच्या खेळाची, संध्याकाळ फसते ती गाणी अवघड असतात म्हणून नाही. बटण दाबल्यावर आवाज उशिरा येतो, माइक गाणाऱ्याऐवजी स्पीकरचंच गाणं ऐकत बसतो, एका गिटारचा डोंगल (यूएसबीत खोचायचा छोटा रिसीव्हर) सापडत नाही. पाऊण तास सेटिंगमध्ये गेला की निम्मी मंडळी मोबाइल काढून बसतात. म्हणून या लेखाचा मोठा भाग मंडळी येण्याआधीच्या तयारीवर खर्च केला आहे. ती तयारी नीट झाली, तर ज्याने आयुष्यात कधी वाद्य हातात धरलेलं नाही तोही दहा मिनिटांत गाण्यात सामील होतो.

कोणता गेम घ्यायचा

हारमोनिक्स या अमेरिकी कंपनीने बनवलेला ‘गिटार हिरो’ २००५ मध्ये प्लेस्टेशन २ वर आला. त्यात फक्त गिटार होती. त्याच कंपनीच्या ‘रॉक बँड’ने नोव्हेंबर २००७ मध्ये गिटार, बेस, ड्रम आणि गायन एका पडद्यावर आणलं. आज ज्याला बँड-गेम म्हणतात तो साचा तिथला. २०१० च्या ‘रॉक बँड ३’मध्ये कीबोर्डची भर पडली. २०१५ चा ‘रॉक बँड ४’ प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर चालतो, पण गाण्यांच्या परवान्यांची दहा वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये तो डिजिटल दुकानांतून उतरवला गेला. आता तो हवा असेल तर वापरलेली डिस्क शोधावी लागते.

घरी लॅपटॉप असेल तर सरळ ‘यार्ग’ घ्या. ‘येट अनदर रिदम गेम’ हे त्याचं पूर्ण नाव. तो फुकट आणि ओपन सोर्स आहे, आणि गिटार, बेस, ड्रम, कीबोर्ड, गायन सगळं एकत्र खेळवतो. ‘यार्क लाँचर’ नावाचा छोटा प्रोग्रॅम उतरवला की त्यातूनच गेम आणि त्याच्यासोबतचा मोफत गाण्यांचा संच बसवता येतो. ‘क्लोन हिरो’ही फुकट आहे आणि गिटारसाठी उत्तम आहे, पण त्यात गायन खेळता येत नाही, म्हणजे चौघांतल्या एकाची जागा गेलीच. मित्र वेगवेगळ्या शहरांत असतील तर डिसेंबर २०२३ मध्ये आलेला ‘फोर्टनाइट फेस्टिव्हल’ बघा. साध्या गेमपॅडवर चौघांपर्यंत ऑनलाइन खेळता येतं. मात्र पुढचं सगळं एका खोलीत बसून खेळण्यासाठीच लिहिलं आहे.

वाद्यं: काय मिळतं, काय बघून घ्यायचं

आपल्याकडे ही प्लास्टिकची वाद्यं दुकानात सहसा दिसत नाहीत. वापरलेली घ्यायची, किंवा अमेरिकेत-ब्रिटनमध्ये राहणाऱ्या नातेवाइकाला येताना आणायला सांगायची, हे दोन मार्ग उरतात. नातेवाइकाला गिटार सांगा, ड्रम सांगू नका. ‘गिटार हिरो ३’सोबत आलेल्या लेस पॉल गिटारची मान सुटी होते, त्यामुळे ती बॅगेत बसते. ड्रमचा सांगाडा बॅग अडवतो आणि वाटेत मोडतो.

विकत घेताना विचारायचा पहिला प्रश्न: डोंगल आहे का? प्लेस्टेशन ३ च्या बिनतारी गिटारला तिचा स्वतःचा यूएसबी डोंगल लागतो. दुसऱ्या मॉडेलचा चालेल अशी आशा धरू नका. डोंगलविना ती गिटार म्हणजे शोभेची वस्तू. एक्सबॉक्स ३६० ची बिनतारी गिटार पीसीवर लावायला मायक्रोसॉफ्टचा वायरलेस रिसीव्हर लागतो. वी कन्सोलची गिटार आत वी रिमोट खोचल्याशिवाय चालत नाही. सगळ्यांत बिनत्रासाची म्हणजे एक्सबॉक्स ३६० ची तारेची गिटार: यूएसबीत खोचा, विंडोज ओळखतं, बॅटरीची कटकट नाही. नवीच हवी असेल तर पीडीपी कंपनीची २०२४ मध्ये आलेली ‘रिफमास्टर’ आहे.

हातात घेऊन तपासताना तीन गोष्टी बघा. पाचही बटणं एकेक करून दाबा, मग दोन-दोनच्या जोड्या दाबा. स्ट्रमची पट्टी (तारा छेडण्याऐवजी हलवायची ती) वर आणि खाली वीस-वीस वेळा हलवा. एका झटक्याला दोन ठोके नोंदले गेले तर आतला स्विच झिजलेला आहे. शेवटी मान हलवून बघा. लेस पॉलच्या मानेपाशी धातूचे संपर्क असतात, ते मळले की मधली बटणं अधूनमधून मरतात. हा दोष दुरुस्त होतो, पण त्याचे पैसे किमतीतून कमी करून घ्या.

ड्रममध्ये आधी पायाचं पेडल तपासा. पहिल्या ‘रॉक बँड’चं प्लास्टिकचं पेडल मधोमध मोडण्यासाठीच प्रसिद्ध आहे. तडा दिसला तर खालून पातळ धातूची पट्टी स्क्रूने बसवून घ्यावी लागेल हे गृहीत धरा. घरात खरा इलेक्ट्रॉनिक ड्रम असेल तर त्याची यूएसबी-मिडी जोडणी (वाद्याचे ठोके संगणकाला कळवणारी) वापरता येते. तो या सगळ्या खेळण्यांपेक्षा टिकाऊ आणि हाताला चांगला.

वाद्य एकही नसेल तरी अडत नाही. संगणकाचा कीबोर्ड गिटारसारखा आडवा धरायचा, डावा हात एफ१ ते एफ५ वर, उजव्या अंगठ्याने एंटर. पण स्वस्त कीबोर्डवर तीन-चार कळा एकदम दाबल्या की एखादी नोंदलीच जात नाही. तीन कळा दाबून ठेवून एंटर मारा. प्रत्येक वेळी ठोका नोंदला जात नसेल तर तो कीबोर्ड सोप्या पातळीवर खेळणाऱ्याला द्या. दोघांनी एकाच कीबोर्डवर बसायचं नाही.

माइक यूएसबीचा हवा. लॅपटॉपचा आतला माइक अख्खी खोली ऐकतो, त्यामुळे गाणारा गप्प असतानाही त्याला गुण मिळतात आणि गात असताना कापले जातात.

खोली आणि जोडण्या

चौघांचे चार हायवे (ज्यावरून रंगीत नोट्स आपल्याकडे धावत येतात त्या पट्ट्या) एका पडद्यावर मावायचे तर लॅपटॉपचा पडदा पुरत नाही. ३२ इंची टीव्ही आणि दोन मीटर अंतर, इतकं तरी हवं. ड्रमवाला बसलेला असतो, म्हणून तो मधोमध पुढे. गिटार आणि बेस त्याच्या दोन्ही बाजूंना किंचित मागे, उभे. गाणारा एका कडेला, स्पीकरच्या तोंडासमोर नाही.

वाद्यं लॅपटॉपच्या पोर्टमध्ये मावली नाहीत तर स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला यूएसबी हब घ्या. साध्या हबवर तीन वाद्यं आणि माइक लावले की वीज कमी पडून एखादं वाद्य गाण्याच्या मध्येच गळतं. लॅपटॉप चार्जरवर ठेवा. बॅटरीवर तो वीज वाचवायला लागतो आणि आवाज तडतडतो.

ड्रमखाली सतरंजी घाला आणि पेडलखाली फोमचा जाड तुकडा ठेवा. पॅडवरच्या काठीचा आवाज भिंतीआड फारसा जात नाही, पेडलचा धप्प मात्र स्लॅबमधून थेट खालच्या मजल्यावर उतरतो. सोसायटीतून फोन येतो तो गाण्यामुळे नाही, या पेडलमुळे.

कॅलिब्रेशन: इथे घाई करू नका

क्लोन हिरोमध्ये एक नोट वेळेवर वाजली असं धरायला ठोक्याच्या आधी सुमारे ७० आणि नंतर सुमारे ७० मिलिसेकंदांची मुभा असते. रॉक बँड थोडा सैल आहे, पण जातकुळी तीच. आता टीव्ही चित्र सुधारण्यात १०० मिलिसेकंद घेत असेल, तर चित्र बघून अगदी बरोबर वाजवणारा माणूसही प्रत्येक नोट चुकवणार. ब्लूटूथ स्पीकर याहून वाईट. त्यातून आवाज यायला दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात, म्हणजे मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत ठोक्याचा सुमारे तिसरा हिस्सा. चुकतोय तो माणूस नसून यंत्र आहे हे नवख्याला कळत नाही. तो म्हणतो, ‘मला ताल नाही’, आणि गिटार खाली ठेवतो.

कॅलिब्रेशन म्हणजे हा उशीर मोजून गेमला सांगणं. गेम दोन विलंब वेगवेगळे विचारतो: आवाजाचा आणि चित्राचा. क्रम असा ठेवा.

१. टीव्हीवर गेम मोड चालू करा, हालचाल गुळगुळीत करणारी सगळी सोय बंद करा. काही टीव्हींवर एचडीएमआयच्या त्या इनपुटला ‘पीसी’ असं नाव दिलं की प्रक्रिया आणखी कमी होते.

२. विंडोजमध्ये विंडोज कळ आणि पी दाबून ‘फक्त दुसरा स्क्रीन’ निवडा. दोन्ही पडद्यांवर तेच चित्र ठेवलं की एकाची गती दुसऱ्याला मागे ओढते. गेममध्ये व्ही-सिंक (चित्र पडद्याच्या गतीला बांधून ठेवणारी सोय) बंद करा.

३. आवाज तारेने न्या. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून थेट स्पीकरला. ब्लूटूथ नको, आणि शक्यतो टीव्हीमधून फिरवून साउंडबारलाही नको.

४. आधी आवाजाचं कॅलिब्रेशन. डोळे मिटा, टिकटिक ऐका, तिच्यावर स्ट्रम करा. पडद्याकडे बघितलंत तर हात चित्राच्या मागे जातो आणि आकडा खोटा येतो. हे तीनदा करा. समजा ६२, ५८ आणि ९१ आले. ९१ सोडून द्या, ६० ठेवा. तीनही आकडे एकमेकांपासून वीसपेक्षा जास्त लांब असतील तर हात अडखळतोय किंवा वाद्याची बॅटरी संपत आली आहे. बॅटरी बदलून पुन्हा करा.

५. मग चित्राचं. आता आवाज पूर्ण बंद, फक्त डोळ्यांनी. पुन्हा तीनदा.

६. शंभरच्या आसपासच्या लयीचं एक गाणं सोप्या पातळीवर लावा आणि पडद्याकडे अर्धवट बघत, कानाने वाजवा. नोट्स सतत एकाच बाजूला चुकत असतील तर आकडा दहाने बदला. सुधारलं नाही तर उलट दिशेने दहा. अधिक-उणेची भाषा प्रत्येक गेमची वेगळी असते, त्यामुळे करून बघणं हाच मार्ग.

हे ज्या टीव्हीवर, ज्या स्पीकरवर, ज्या मोडमध्ये खेळणार त्यावरच करायचं. मध्येच कुणी ‘आवाज कमी येतोय’ म्हणून दुसरा स्पीकर जोडला तर पहिल्यापासून. बिघाड सर्वांत आधी ड्रमवाल्याला कळतो, कारण पॅडवर आपटलेल्या काठीचा खरा आवाज त्याला तत्क्षणी ऐकू येतो. त्याची कुरकुर गांभीर्याने घ्या.

कुणाला काय द्यायचं

या खेळाची सगळ्यांत सुंदर गोष्ट: एकाच गाण्यात प्रत्येकाची पातळी वेगळी ठेवता येते. एक जण एक्स्पर्टवर आणि शेजारी त्याची मावशी ईझीवर, तरी गाणं दोघांचं एकच. म्हणून प्रत्येकाची प्रोफाइल आधीच बनवून, वाद्य जोडून, बटणं नेमून ठेवा. मंडळी आल्यावर फक्त नाव निवडायचं. डावखुऱ्यांसाठी हायवे उलटा करण्याची सोय प्रोफाइलमध्येच असते. ती विचारून लावा, ते स्वतः सांगत नाहीत.

गिटारला ईझीवर हिरवं, लाल आणि पिवळं अशी तीन बटणं येतात, मीडियमवर निळं, हार्डवर केशरी. अगदी नवखा असेल तर ईझी. दोन गाण्यांत तो कंटाळला तर मीडियम. ईझीवर तीन गाणी बसवून ठेवलंत तर तो झोपी जाईल. ताल पक्का असलेला, ढोलपथकात वाजवणारा कुणी असेल तर त्याला सरळ ड्रमवर मीडियमला बसवा. त्याचे हात तयारच असतात, पाय तेवढा शिकायचा असतो. ज्याला कुठलंच वाद्य नको त्याला बेस द्या: नोट्स कमी, लय स्थिर, आणि रॉक बँडमध्ये बेसचा गुणक (न चुकता वाजवत राहिलं की गुण वाढवणारी पट) सहापटीपर्यंत जातो, बाकीच्यांचा चारपटीपर्यंतच.

नापास होण्याची सोय असलेल्या गेममध्ये ‘नो फेल’ चालू ठेवा, निदान पहिला तासभर. रॉक बँडमध्ये नापास झालेल्या साथीदाराला दुसरा कुणी ओव्हरड्राइव्ह (साठवून हवी तेव्हा उडवायची जादा ताकद) वापरून परत आणू शकतो, पण दोनदाच. तिसऱ्यांदा तो गेला की गेलाच, आणि उरलेली अडीच मिनिटं पाहुणा सोफ्यावर.

हायवेचा वेग हा गैरसमजाचा विषय आहे. नवखा म्हणतो, ‘हळू कर’. हळू केलं की नोट्स एकमेकींना चिकटतात आणि कुठली आधी तेच कळत नाही. गाण्याची लय तीच राहते, फक्त नोट्समधलं अंतर घटतं. उलट वेग थोडा वाढवा, वाचायला सोपं जातं.

हात कसे चालवायचे

गिटार: तर्जनी हिरव्यावर, मग ओळीने एकेक बोट. केशरी आलं की पूर्ण हात एक घर पुढे सरकवायचा, करंगळी ताणायची नाही. एकेरी नोट वाजवताना तिच्या खालची (हिरव्याच्या बाजूची) बटणं दाबलेली राहिली तरी चालतं, म्हणून हिरव्यावरची तर्जनी उचलायची घाई नको. दोन नोट्स एकदम आल्या तर मात्र नेमकी तीच दोन बटणं, एकही जास्त नाही. नवख्यांचे कॉर्ड चुकतात ते बहुतेक इथेच. स्ट्रम अंगठ्याने, एकदा खाली एकदा वर. फक्त खाली-खाली मारणारा वेगवान गाण्यात दुसऱ्या कडव्यालाच दमतो. नोट नसताना मारलेला स्ट्रमही साखळी तोडतो. काही नोट्सचा माथा जास्त उजळ दिसतो, त्या हॅमर-ऑन, पुल-ऑफच्या. आधीची नोट बरोबर लागली असेल तर त्या नुसत्या बटणाने वाजतात. मीडियमवर असताना त्यांच्याकडे दुर्लक्ष करा, सगळं स्ट्रम करा.

ड्रम: लाल म्हणजे स्नेअर, पिवळं हाय-हॅट, निळं टॉम किंवा राइड, हिरवं क्रॅश, आणि आडवी केशरी पट्टी म्हणजे पाय. बहुतेक रॉक गाण्यांचा पाया एकच: उजवा हात पिवळ्यावर आठ वेळा, पाय पहिल्या आणि तिसऱ्या मोजणीला, डावा हात लालवर दुसऱ्या आणि चौथ्या मोजणीला. गेम बंद ठेवून हे दोन मिनिटं करून घ्या. आधी नुसता उजवा हात, मग डावा जोडा, शेवटी पाय. नवख्याचा पाय उजव्या हाताच्या प्रत्येक ठोक्याला आपोआप खाली जातो. लय निम्मी करून ‘एक’ आणि ‘तीन’ मोठ्याने म्हणायला लावा, सुटतं. काठ्या घट्ट आवळू नका, पॅडवरून उसळू द्या.

गायन: गेम शब्द तपासत नाही, सूर तपासतो. इंग्रजी शब्द येत नाहीत म्हणून गाणारे मागे हटतात. ‘आ’ लावून गायलं तरी गुण मिळतात. सप्तकही तपासत नाही, त्यामुळे बाईच्या आवाजातलं गाणं पुरुषाने आपल्या खर्जात गावं. सुराचा बाण पट्टीच्या वर असेल तर सूर खाली आणा, खाली असेल तर वर न्या. मधूनमधून पट्टीविना नुसते शब्द येतात, तिथे सूर नको, फक्त वेळेवर बोलायचं. माइक तोंडापासून चार बोटं, आणि जाळीवर मूठ नको.

ओव्हरड्राइव्ह कधी उधळायचं

ओळीने न चुकता वाजवलं तर गुणक दहा नोट्सवर दुप्पट, वीसवर तिप्पट, तीसवर चौपट होतो. मध्ये मध्ये चमकणाऱ्या नोट्सचा गट येतो. तो गट पूर्ण लागला की ओव्हरड्राइव्हची पाव टाकी भरते, निम्मी भरली की वापरता येते. गिटार उभी करून, ड्रमच्या मोकळ्या जागेत शेवटचा ठोका मारून, अशा प्रत्येक वाद्याच्या पद्धती वेगळ्या. यार्ग आणि क्लोन हिरोमध्ये याला ‘स्टार पॉवर’ म्हणतात.

चौघांनी एकदम वापरावं की वेगवेगळं? रॉक बँडमध्ये एकाने वापरलं तर पूर्ण बँडचे गुण दुप्पट, दोघांनी एकदम तर चौपट, चौघांनी एकदम तर आठपट. म्हणून साठवा आणि धृपदाच्या तोंडाशी एकत्र उडवा. त्यासाठी एकाने मोठ्याने ‘तीन, दोन, एक’ म्हणायचं. हे काम बेसवाल्याचं, कारण त्याला सगळ्यांच्या टाक्यांकडे बघायला फुरसत असते. ड्रमवाल्याच्या मोकळ्या जागा ठरावीक ठिकाणीच येतात, तेव्हा बाकीच्यांनी त्याची वाट बघायची. तो कुणाची बघू शकत नाही.

गाण्यांचा क्रम

सुरुवात ९० ते ११० च्या लयीच्या, तीन-चार मिनिटांच्या गाण्याने. सहा मिनिटांचं सोलोने भरलेलं गाणं पहिल्या तासात लावू नका. एकट्या गिटारवाल्याची सर्कस चालते आणि बाकी तिघे बघे होतात. प्रत्येक तीन गाण्यांनंतर वाद्यं एका दिशेने फिरवा: गिटारचा बेसला, बेसचा ड्रमला, ड्रमचा माइकला, माइकचा गिटारला. ड्रमवरून माइककडे हा टप्पा मुद्दाम. हातांना विश्रांती मिळते. गाणं निवडायची पाळीही फिरती ठेवा, नाहीतर एकाच माणसाची आवड रात्रभर ऐकावी लागते.

आपलं गाणं गेममध्ये बसवायचं

इंग्रजी रॉकपेक्षा ओळखीचा ताल आला की खोलीचा नूर बदलतो. ‘मूनस्क्रेपर’ नावाच्या मोफत एडिटरमध्ये गिटार आणि ड्रमच्या नोट्स स्वतः मांडता येतात. ध्वनिमुद्रण तुमच्याकडचं, विकत घेतलेलं वापरा आणि ते गाणं पुढे वाटत बसू नका. सर्वोत्तम म्हणजे स्वतःच्या किंवा मित्राच्या बँडचं रेकॉर्डिंग, कारण त्याचे ट्रॅक वेगवेगळे मिळतात. गिटारचा ट्रॅक वेगळ्या फाइलमध्ये असेल तर नोट चुकल्यावर गिटारच गप्प होते. सगळं एकाच फाइलमध्ये असेल तर चुकलेलं ऐकूच येत नाही.

पहिलं काम लयीचा नकाशा. क्लिकवर (मेट्रोनोमच्या टिकटिकीवर) मुद्रित झालेल्या गाण्याला एकच बीपीएम, म्हणजे मिनिटाला ठोक्यांचा आकडा, पुरतो. जुन्या, प्रत्यक्ष वाजवून मुद्रित झालेल्या गाण्यात लय हळूच चढत जाते. तिथे दर एक-दोन आवर्तनांनी समेवर नवी खूण लावावी लागते. हे कंटाळवाणं आहे आणि टाळता येत नाही. इथे आळस केला की दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत नोट्स आणि गाणं वेगळ्या वाटांनी गेलेले असतात.

आता केरवा चार पॅडवर कसा उतरतो ते बघू. आठ मात्रा: धा गे ना ति, न क धि न. त्या चार-चारच्या एका मापात बसवल्या तर प्रत्येक मात्रा अर्ध्या ठोक्याची. एडिटरमध्ये एका ठोक्याचे १९२ भाग असतात, म्हणजे मात्रा दर ९६ भागांनी: ०, ९६, १९२, २८८, ३८४, ४८०, ५७६, ६७२. बायाचा (डग्ग्याचा) घुमारा जिथे आहे तिथे पाय: धा, गे आणि धि. ना आणि न ला पिवळं, ति ला निळं, क चा बंद चापट आवाज लालला. म्हणजे धा = पाय आणि पिवळं एकत्र, गे = नुसता पाय, ना = पिवळं, ति = निळं, न = पिवळं, क = लाल, धि = पाय आणि निळं, न = पिवळं. वाजवून बघा, खालीची जागा पाचव्या मात्रेला पायाविना मोकळी राहते आणि तबल्याचा डौल ओळखू येतो. धा नंतर लगेच गे, असा सलग दोनदा पाय नवख्याला जमत नाही. मीडियमसाठी गे चा पाय काढून टाका. ईझीला धा चा पाय, ना आणि न चं पिवळं एवढंच ठेवा. दादऱ्याला मापच सहा-आठचं लावायचं. चार-चारच्या मापात तो कोंबला की आवर्तनाची रेघ भलत्याच मात्रेवर पडते आणि वाजवणारा सम हरवतो.

गायनाची पट्टी मूनस्क्रेपरच्या साध्या चार्टमध्ये (मांडलेल्या नोट्सच्या फाइलमध्ये) ठेवता येत नाही, तिला मिडी फाइल लागते. ती बहुतेक जण ‘रीपर’ या ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्रॅममध्ये बनवतात. प्रत्येक अक्षराला एक स्वर. मींड असेल तर पुढच्या स्वराखाली शब्दाऐवजी अधिकचं चिन्ह टाकायचं, पट्टी तिरकी जोडली जाते. मुरक्या आणि हरकती लिहीत बसू नका, मुख्य स्वर ठेवा. प्रत्येक मुरकी मांडलेलं गाणं मूळ गायकालासुद्धा पूर्ण गुण देणार नाही.

शेवटी फोल्डर: नोट्सची फाइल, आवाजाची फाइल, चित्र, आणि नाव-गायक-वर्ष लिहिलेली ‘साँग डॉट आयएनआय’. फाइलींची नावं गेमला हवी तीच ठेवा, आपली सुबक नावं देऊ नका. मग गेममध्ये गाणी पुन्हा स्कॅन करा.

मध्येच काही अडलं तर

सगळेच चुकत असतील तर कॅलिब्रेशन. कुणीतरी टीव्हीचा मोड बदललेला असतो. एकच जण चुकत असेल तर त्याच्या वाद्याची बॅटरी, मग डोंगल समोरच्या पोर्टमध्ये आणून बघा. लॅपटॉपच्या मागे, टीव्हीच्या आडोशाला बसलेला डोंगल सिग्नल गमावतो.

स्ट्रम दुहेरी नोंदला जात असेल तर गेममधला डीबाउन्स (एका झटक्यानंतर लगेच आलेला दुसरा ठोका न मोजण्याचा अवधी) थोडा वाढवा. तो तात्पुरता उपाय, खरा उपाय स्विच बदलणं. लेस पॉलची बटणं मरत असतील तर मान काढून दोन्हीकडचे संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण सुकू द्या, परत बसवा. तरीही मान डुगडुगत असेल तर खाचेत घडी घातलेला कागद सरकवा. ओव्हरड्राइव्ह आपोआप उडत असेल तर आधी गिटार किती उभी धरली आहे ते बघा.

लाल पॅडवर मारलं की पिवळंही वाजतं? सांगाड्याचे स्क्रू आवळा, पॅडखाली फोमची चकती सरकवा. मिडीचा ड्रम असेल तर त्याच्या मोड्यूलमध्ये त्या पॅडची किमान मर्यादा वाढवा. पॅड पूर्ण मेला असेल तर आतल्या सेन्सरची तार सुटलेली असते. सोल्डरचा टाका मारणारा कुणी असेल तर पाच मिनिटांचं काम, पण ते उद्या. आज ड्रमवाल्याला उरलेल्या तीन पॅडवर ईझीला बसवा.

माइक गप्प बसलेल्यालाही गुण देत असेल तर स्पीकरचा आवाज कमी करण्याआधी स्पीकरचं तोंड वळवा आणि माइकची संवेदनशीलता उतरवा. नवीन गाणं यादीत दिसत नसेल तर बहुधा झिप उघडताना फोल्डरमध्ये फोल्डर झालेला नसून आवाजाच्या फाइलचं नाव चुकलेलं असतं. आणि गाणं दिसतंय पण ड्रम निवडता येत नसेल, तर त्या गाण्याला ड्रमचा चार्टच नाही. अशी गाणी आधीच वेगळ्या यादीत टाका, म्हणजे ड्रमवर बसलेल्याला चार मिनिटं काठ्या मांडीवर ठेवून बसावं लागणार नाही.